धुऱ्यावरचे भाऊबंद

चिखली-मेहकर रस्त्यापासून थोडं आत एक धुरा आहे. उरलेला महाराष्ट्र ज्याला बांध म्हणतो, त्याला आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. हा धुरा जेमतेम दीडशे पावलांचा. एका टोकाला विहीर आणि विहिरीवर जुना गावरान आंबा. मध्ये दोन कडुनिंब, त्यातल्या एकाची शेंड्याकडची फांदी वाळून पांढरी पडलेली. दुसऱ्या टोकाला हिवर. मधल्या जागेत बोराट्या, एक बुटका पळस, घाणेरीचं जाळं आणि गुडघ्याच्या वर आलेलं गवत. एका बाजूच्या वावरात कपाशी, दुसऱ्या बाजूला सोयाबीनमध्ये तूर. ऑक्टोबर संपत आला होता. सोयाबीन सोंगून झालं होतं आणि मोकळ्या झालेल्या रानात तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या होत्या.

मी तिथे वटवट्यांसाठी उभा होतो. वटवट्या म्हणजे चिमणीहून लहान, शेपटी सतत वर-खाली करणारा, अंगापेक्षा आवाज मोठा असलेला पक्षी. तासभर मी हललो नाही, तेव्हा वावराचे मालक, सत्तरीतले काका, विहिरीकडून चालत आले.

“काय पाहून राह्यले भाऊ?”

“वटवट्या बघतोय काका. चार प्रकारचे आहेत इथे.”

त्यांनी डोळ्यांवर हात धरून बोराटीकडे पाहिलं. “चार? मले तर एकच दिसते.” मी त्यांना दुर्बीण दिली आणि एकेक दाखवला. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले, दुर्बीण परत दिली आणि विचारलं, “एकाच घरचे हायेत ना हे? खातेत बी तेच, किडेच. मंग भांडत कसे नाहीत? आमच्या दोघा भावांचं या धुऱ्यावरून बारा वर्षं चाललं.”

पक्ष्यांवरच्या पुस्तकांत अनेक पानं खर्च करून जो प्रश्न मांडलेला असतो, तो काकांनी दोन वाक्यांत मांडला होता. हे प्रकरण म्हणजे त्यांना मी त्या दिवशी अर्धवट दिलेलं उत्तर.

प्रश्नाची धार नीट कळायला आधी मॉस्कोतल्या काचेच्या नळ्यांकडे जावं लागतं. गेओर्गी गाउझे नावाच्या तरुण जीवशास्त्रज्ञाने पॅरामेशियम हे एकपेशीय जीव नळ्यांमध्ये वाढवले आणि १९३४ मध्ये ते प्रयोग पुस्तकात मांडले. एकमेकांच्या अगदी जवळच्या दोन जाती एका नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या, की काही दिवसांत एक जात उरायची आणि दुसरी संपायची. पण त्याने जोडी बदलली, तेव्हा वेगळंच घडलं. त्या जोडीतली एक जात नळीच्या तळाशी साचलेलं अन्न खाई, दुसरी वरच्या पाण्यातलं. त्या दोघी टिकल्या. नळी तीच होती आणि खाणारे सख्खे होते, तरी वाटणी झाल्यावर दोघींचं भागलं.

पुढे अमेरिकेत रॉबर्ट मॅकआर्थर या विद्यार्थ्याने हाच प्रश्न झाडावरच्या पक्ष्यांना विचारला. मेन आणि व्हर्मोंट या राज्यांतल्या स्प्रूसच्या जंगलात वॉर्ब्लर कुळातल्या एकाच वंशाच्या पाच जाती एकत्र राहत. सगळ्या जवळजवळ एका मापाच्या, सगळ्या कीटक खाणाऱ्या. जाणकारांना वाटे, की एकाच अन्नावर जवळच्या दोन जाती टिकत नाहीत, हा गाउझेचा नियम इथे मोडतोय. मॅकआर्थरने प्रत्येक झाडाचे मनाने भाग पाडले: शेंडा, मधला घेर, खालच्या फांद्या, खोडाजवळचा भाग, मधला, बाहेरची टोकं. मग कोणता पक्षी कोणत्या भागात किती सेकंद घालवतो, ते तो मोजत राहिला. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधाने दाखवलं, की एकच झाड पाच जणांनी उभं-आडवं वाटून घेतलंय. कोणी शेंड्याच्या बाहेरच्या टोकांवर, कोणी मधल्या फांद्यांच्या आतल्या अंगाला, कोणी बुंध्याकडे. कोणी फांदीच्या लांबीने सरकत जाई, कोणी आडवा फिरे. त्याचं सामान अगदी साधं होतं. मला या कामाबद्दल फार आदर आहे, कारण ते आपल्यापैकी कुणालाही धुऱ्यावर उभं राहून करता येईल.

तर आता आपल्या वटवट्यांकडे येऊ.

काकांच्या धुऱ्यावरचे चारही वटवटे प्रिनिया या एकाच वंशातले, म्हणजे खऱ्या अर्थाने भाऊबंद. त्यातला राखी वटवट्या ओळखायला सोपा: पाठ पाटीसारखी करडी, पोट बदामी, डोळा लालसर. हा माणसाला सरावलेला पक्षी. विहिरीकडची घाणेरी, परसातली जास्वंद, पाण्याच्या पाटाकाठची झुडपं, कपाशीचा कडेचा पट्टा हे त्याचं राज्य. एका झुडपातून दुसऱ्यात उडताना तो बारीक काडी मोडावी तसा कट्कट् आवाज करतो. त्या सकाळी तो घाणेरीच्या वीतभर आतल्या फांद्यांवर पानांच्या खालच्या बाजू तपासत होता. एक पान, मान वाकडी, टोच, पुढचं पान.

साधा वटवट्या नावाप्रमाणे साधा. मातकट अंग, डोळ्यावर फिकी भुवई. त्याला झुडूप लागत नाही, उभे देठ लागतात. गवत, उभी ज्वारी, गहू, तूर. आडव्या फांदीवर बसण्यापेक्षा तो दोन देठांना एकेक पाय लावून लटकणं पसंत करतो. घरटंही तो गवताच्या पात्यांचं विणून उभ्या देठांनाच बांधतो. सोयाबीन उभं होतं तोपर्यंत तो सगळ्या वावरभर होता. सोंगणी झाल्यावर तुरीच्या ओळींत आला. मी पाहिलं तेव्हा तो शेंगांच्या घोसांशी खेटून एका ओळीतून चालला होता आणि ओळ संपल्यावर उडून दुसऱ्या ओळीत गेला. मधल्या मोकळ्या जमिनीवर तो उतरला नाही. सोयाबीनमध्ये तूर घेण्याची आपली पद्धत या पक्ष्याला ऑक्टोबरनंतरचे दोन-अडीच महिने आणखी देते, हे मला त्याच्यामागे चालताना कळलं.

तिसरा रान वटवट्या. तो थोडा थोराड, चोच जाड, गाणं खणखणीत. त्याला कोरडं, काटेरी रान आवडतं. धुऱ्याच्या हिवराकडच्या टोकाला, जिथे बोराट्या दाट आणि माती मुरमाड, तिथे तो होता. विहिरीकडे तो फिरकला नाही. बोराटीच्या शेंड्यावर बसून गायचं आणि खाण्यासाठी तिच्या बुडाशी, जवळजवळ जमिनीवर उतरायचं, असा त्याचा क्रम.

चौथा करड्या छातीचा वटवट्या. विणीच्या दिवसांत याच्या छातीवर राखी पट्टा असतो, हिवाळ्याकडे तो पुसट होतो आणि मग नवशिक्याचा गोंधळ उडतो. हा चौघांत सगळ्यात लहान आणि झाडांकडे सगळ्यात जास्त ओढा असलेला. थंडीत तो लहान टोळ्यांनी फिरतो. त्या दिवशी पाच-सहा जणांची टोळी कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्या वर होती. बुलडाणा-खामगाव रस्त्यावर बोथ्याच्या जंगलात, म्हणजे ज्ञानगंगा अभयारण्यात, हा पक्षी अधिक दिसतो. धुऱ्यावरचे दोन कडुनिंब म्हणजे त्याच्यासाठी त्या जंगलाचा एक तुकडा.

म्हणजे दीडशे पावलांत चार घरं झाली. जमिनीलगतचं काटेरी बूड, पिकाचे उभे देठ, ओलीकडचं झुडूप आणि झाडाची खालची फांदी. किडे सगळेच खातात, पण एकाच पानावरचा किडा दोघांच्या वाट्याला क्वचितच येतो. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे सातबारा वेगळा हाय.” याहून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.

सातभाईंची वाटणी थोडी वेगळ्या तऱ्हेची. वटवट्यांनी धुऱ्याची उंची वाटून घेतली, सातभाईंनी अख्खा परिसर वाटून घेतला आहे. गावात सगळ्यांना सातभाईच म्हणतात, पण बुलडाणा जिल्ह्यात फिरताना निदान तीन जाती भेटतात. आमराईत, गावठाणात, नाल्याकाठच्या दाट सावलीत दिसतो तो रान सातभाई: मातकट, मळक्या अंगाचा, पालापाचोळा उलटापालटा करणारा. पाचोळा नसेल तिथे त्याचं मन रमत नाही. उघड्या वावरात, धुऱ्याधुऱ्याने जातो तो मोठा राखी सातभाई. अंगाने मोठा, शेपटी लांब, उडताना शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या दिसतात आणि आवाज नाकातला, लांबवलेला. एक उडाला की मागोमाग दुसरा, तिसरा, सगळे जमिनीलगत तरंगत पुढच्या बोराटीत शिरतात. किड्यांबरोबर तो दाणे आणि बोरंही खातो, कारण उघड्या रानात फक्त किड्यांवर भागत नाही. तिसरा साधा सातभाई, लहानखुरा, पाठीवर रेघा, काटेरी माळावरचा. तो झुडपाखालून झुडपाखाली उंदरासारखा पळतो.

जिल्ह्यातली माणसं घाटावरचे आणि घाटाखालचे अशी एकमेकांची ओळख देतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा आणि खुद्द बुलडाणा. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर ही काळी जमीन. सातभाईंची सीमा मात्र घाटाने ठरत नाही, सावलीने ठरते. एकाच गावात आमराई रान सातभाईची आणि आमराईबाहेरचा धुरा राखी सातभाईचा. दोघांच्या टोळ्या आंब्याच्या कडेला समोरासमोर आल्या की कल्ला होतो, पिसं फुगतात आणि पाच मिनिटांत दोन्ही टोळ्या आपापल्या बाजूला वळतात. ए. जे. गॅस्टन या अभ्यासकाने १९७०च्या दशकात दिल्लीत रान सातभाई आणि साधा सातभाई यांचा बारकाईने अभ्यास केला होता. टोळीने राहणं, टोळीनेच पिल्लं वाढवणं, एकमेकांची पिसं साफ करणं हे सगळं त्या कामातून पुढे आलं. सातभाईंमध्ये वाटणी एकट्याची नसते, टोळीची असते.

या टोळ्यांशी शेतकऱ्याचा एक जुना संबंध आहे, तो अनेकांना माहीत नसतो. मृगाच्या आधी जो पक्षी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून आपल्याला वावरात धाडतो, तो पावशा स्वतः घरटं बांधत नाही. तो अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. चातकही तेच करतो. सातभाईंची अंडी निळी, यांचीही निळी. सातभाई ते पिल्लू आपलं समजून वाढवतात. धुऱ्यावर सातभाईंना घरटं करायला काटेरी झुडूप राहिलं नाही, तर पावशाच्या पिल्लालाही कोणी वाढवणार नाही.

खाटीक पक्ष्यांकडे वळताना विज्ञानातल्या एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. मॅकआर्थरचे गुरू जी. इव्हलिन हचिन्सन १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर लडाखला येऊन गेले होते. १९५९ मध्ये त्यांनी एक निरीक्षण मांडलं: एकत्र राहणाऱ्या जवळच्या जातींच्या चोचीची मापं तपासली तर मोठ्याचं माप लहानाच्या साधारण १.३ पट निघतं. म्हणजे माप वेगळं, तर भक्ष्यही वेगळं. पुढे या आकड्यावर खूप वाद झाले आणि तो सगळीकडे लागू पडत नाही हे दिसून आलं. तरीही हिवरावर बसलेल्या खाटकांकडे पाहताना मला तो आठवतो. पिंगट पाठीचा छोटा खाटीक साधारण १८ सेंटिमीटरचा. लांब शेपटीचा खाटीक आणि मोठा राखी खाटीक हे दोघे २५ सेंटिमीटरच्या आसपासचे. छोट्याचं भागतं नाकतोडे, भुंगे, क्वचित सरड्याचं पिल्लू यांवर. मोठे दोघे सरडे, उंदराची पिल्लं, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लंही उचलतात. इथपर्यंत माप काम करतं. पण मोठे दोघे तर सारख्याच मापाचे! तिथे जागा कामाला येते. लांब शेपटीचा ओलिताकडे, संत्र्याच्या बागेकडे, विहिरीच्या आंब्याकडे. राखी खाटीक पडीक, उघड्या, खडकाळ रानात, जिथे पाचशे पावलांत एखादीच बाभूळ असते. आमच्या धुऱ्यावर छोटा आणि लांब शेपटीचा असे दोघेच आहेत. राखी खाटीक तिथून बराच दूर, माळावर.

एक साधी गोष्ट मला तिथे जवळून पाहायला मिळाली. बोराटीच्या काट्यावर नाकतोडा टोचलेला होता. डोकं वर, पाय लोंबते, एक पंख वाऱ्याने हलत होता. खाटकाने तो नंतरसाठी ठेवला होता. खाटकाच्या पायांना ससाण्यासारखी पकड नसते, म्हणून तो काट्याचा हातासारखा वापर करतो: भक्ष्य काट्यात अडकवायचं आणि चोचीने फाडायचं. काटा हे त्याचं हत्यार आणि काटा हीच त्याची कोठी. काटेरी झाड नसलेल्या वावरात तो नुसता तारेवर बसू शकतो, नीट संसार करू शकत नाही.

इथपर्यंत वाचून असं वाटेल, की सगळं कसं छान वाटलं गेलंय. तसं नाही. दोन ठिकाणी ही वाटणी मोडते आणि ती ठिकाणं मला जास्त महत्त्वाची वाटतात.

पहिलं ठिकाण सुकाळाचं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की संध्याकाळी वाळवीच्या वारुळांतून पंखवाले किडे धुरासारखे वर येतात. त्या वेळी धुऱ्यावर जाऊन पाहा. कोतवाल हवेत झेपा घेतोय, साळुंक्या जमिनीवर धावतायत, दोन्ही सातभाई एकाच वारुळापाशी, खाटीक, कावळे, चिमण्या, सगळे एका पंगतीत. कोणाचा सातबारा कोणी विचारत नाही. जॉन वीन्स या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हेच ठासून सांगितलं, की अन्न मुबलक असतं तेव्हा स्पर्धा जवळजवळ थांबते. कस लागतो तो तंगीच्या दिवसांत, आणि तंगी कधीकधी वर्षांच्या अंतराने येते. बुलडाण्यात पाऊस वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर. एप्रिल-मे मध्ये वखरलेली वावरं नुसती तापत पडलेली असतात. त्या दोन महिन्यांत वाटणी कोणाला तारते आणि कोणाला नाही हे ठरतं. पावसाळ्यात शेतात हिंडून पक्ष्यांच्या सवयी ठरवल्या तर म्हणूनच फसगत होते.

दुसरं ठिकाण घराचं. साळुंकी आणि भांगपाडी मैना हे मैनांच्या कुळातले भाऊबंद. अन्नाच्या बाबतीत दोघींचं बरं चालतं. साळुंकी जमिनीवर चालणारी, गुरांच्या पायांशी, नांगरामागे, उकिरड्यावर. भांगपाडी, डोक्यावर काळी शेंडी मागे वळवलेली, झाडावर अधिक रमते. पळस, सावर फुलले की तिच्या जिभेचं टोक बारीक कुंचल्यासारखं मध टिपायला उपयोगी पडतं. दोघी उंबर खातात, निंबोळ्या खातात, आणि निंबोळ्या इतक्या असतात की भांडायचं कारण नसतं. पण दोघींना अंडी घालायला ढोली लागते, दोघींनाही एप्रिलनंतर लागते आणि दोघींनाही ती स्वतः कोरता येत नाही. ती कोरणारे सुतारपक्षी आणि तांबट वेगळे. म्हणून कडुनिंबाच्या त्या वाळक्या पांढऱ्या फांदीवर खरं युद्ध चालतं. साळुंकी अंगाने मोठी आणि स्वभावाने दांडगी. मी साळुंकीला ढोलीतून भांगपाडीने आणलेलं गवत, पिसं बाहेर फेकताना पाहिलं आहे. शेजारी दुसरी ढोली असेल तर भांगपाडी तिथे जाते. नसेल तर तिचा त्या वर्षाचा संसार संपला. वाळकी फांदी सरपणासाठी तोडणं हे आपल्याला किरकोळ काम वाटतं, पण वाटून घेता येणार नाही अशी एकमेव वस्तू त्याने नाहीशी होते.

हिवाळ्यात याच कुळातले तिसरे भाऊबंद मध्य आशियातून येतात: भोरड्या, गुलाबी अंगाच्या, हजारोंच्या थव्यांनी. ज्वारीचं पीक मोठं होतं तेव्हा त्यांच्यासाठी वावरात माळे उभारून गोफणी फिरवाव्या लागत. आता सोयाबीन वाढलं, ज्वारी आटली, तसे जुने जाणते शेतकरी त्या थव्यांच्या आठवणी सांगतात. ज्वारीवरचे हे चोर आपल्या विणीच्या प्रदेशात टोळ फस्त करतात हे मात्र ते ऐकून चकित होतात.

एक सावधानतेची सूचना द्यायलाच हवी. आज दोन पक्षी वेगळ्या उंचीवर खाताना दिसले म्हणजे ते एकमेकांशी झालेल्या झगड्यामुळेच वेगळे झाले, असं ठरवून टाकता येत नाही. कदाचित त्यांच्या पूर्वजांनी वेगळ्या प्रदेशांत वेगळ्या सवयी लावून घेतल्या असतील आणि नंतर ते एकत्र आले असतील. जोसेफ कॉनेल या शास्त्रज्ञाने १९८० मध्ये अशा सोयीस्कर स्पष्टीकरणांना ‘गतकाळच्या स्पर्धेचं भूत’ म्हटलं. दिसत नाही, पकडता येत नाही, तरी प्रत्येक गोष्टीला तेच कारण. या भुताला न घाबरता पण त्याच्या नादीही न लागता धुऱ्यावर उभं राहायचं, तर मॅकआर्थरसारखे सेकंद मोजावे लागतात, आणि तेही वर्षाच्या सगळ्या ऋतूंत. आपल्याकडच्या पक्ष्यांची नावं आणि सवयी मराठीत आणण्याचं प्रचंड काम मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या जंगलांत राहून केलं. जंगलाबाहेरच्या वावरांसाठी तसं काम करायला भरपूर जागा आहे.

आता शेताच्या बाजूने. हरभऱ्यावर घाटेअळी येते, तुरीवरही येते. कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत तिच्यासाठी पक्षी थांबे सांगितलेले असतात: वावरात टी आकाराच्या काठ्या रोवायच्या, म्हणजे पक्षी त्यावर बसून अळ्या टिपतात. काही ठिकाणी हरभऱ्यात मूठभर ज्वारी विखरून टाकतात, तिची ताटं थांब्याचं काम करतात. ही उत्तम सूचना आहे आणि ती पाळणाऱ्या शेतकऱ्यांचं मला कौतुक वाटतं. पण थांब्यावर बसतं कोण, हे पाहिलंय का? कोतवाल, लांब शेपटीचा खाटीक, साळुंकी, नीळकंठ, वेडा राघू. म्हणजे उंचावर बसून हालचाल हेरायची आणि झेप घ्यायची, अशी शिकारीची एक तऱ्हा असलेले पक्षी. पानामागे लपलेली, नुकतीच अंड्यातून निघालेली बारीक अळी त्यांना दिसत नाही. ती शोधतो वटवट्या, पान उलटून. आणि जमिनीत कोषात गेलेली अळी उकरतो सातभाई. हे दोघे काठीवर बसत नाहीत. त्यांना वावरात यायला जवळ झुडूप हवं, ज्यात शिक्रा दिसताच शिरता येईल. थांबा लावणाऱ्याने धुऱ्यावरची बोराटी तोडली, तर त्याने तीन प्रकारच्या मजुरांपैकी एकाला बोलावलं आणि दोघांना परत पाठवलं.

झाडांसह शेतीची कल्पना सरकारी कागदावर आपल्याकडे २०१४ मध्ये आली. राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण करणारा भारत जगातला पहिला देश ठरला. महाराष्ट्रात २०१८ पासून खामगावच्या भाऊसाहेब फुंडकरांच्या नावाने फळबाग लागवड योजना आहे. त्यातून आंबा, संत्रा, सीताफळ लागतं आणि ते चांगलंच आहे. मला एवढंच वाटतं, की बाग आणि धुरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खालून स्वच्छ ठेवलेल्या, एका वयाच्या, एका उंचीच्या संत्र्याच्या बागेत एकच मजला असतो. तिथे साळुंकी राहील, लांब शेपटीचा खाटीक राहील, विहिरीकडचा राखी वटवट्या येऊन-जाऊन असेल. रान वटवट्याला, छोट्या खाटकाला, भांगपाडीला तिथे जागा नाही. काकांच्या धुऱ्याला मजले आहेत आणि ते कोणी योजनेत लावलेले नाहीत. आंबा आजोबांनी लावला, कडुनिंब कावळ्याने, बोराट्या सातभाईंनी आणि हिवर बहुधा शेळ्यांनी.

त्याच वावराला लागून दुसरा धुरा होता. दोन वर्षांपूर्वी तिथे जेसीबी फिरला. सीमेचं भांडण मिटलं, मोजणी झाली, दगड रोवले गेले आणि झाडं-झुडपं उपटून चार फूट जास्तीची जमीन दोघांनी वाटून घेतली. मी त्या रेषेवर एक अख्खी सकाळ घालवली. विजेच्या तारेवर कोतवाल होता, ढेकळांत दोन साळुंक्या, तुरीत साधा वटवट्या. बाकी कोणी आलं नाही. धुऱ्यावरून आवाज येत होते, पण ते मागच्या, काकांच्या धुऱ्यावरून.

परवा, जानेवारीत, पुन्हा गेलो. काका विहिरीवर मोटर चालू करत होते. त्यांनी हाताने पलीकडे खूण केली. उपटलेल्या धुऱ्याच्या कोपऱ्यात, मोजणीच्या दगडाला लागून, एका बोराटीचं बूड राहून गेलं होतं आणि त्याला कमरेएवढे फुटवे आले होते. जवळ जाऊन पाहिलं तर सगळ्यात वरच्या काट्यावर एक नाकतोडा टोचलेला होता, अजून हिरवा.

“काढू नका म्हटलं त्याले,” काका मागून म्हणाले. “पोराले सांगून ठेवलं हाय.”